कडबा आला नाही

शाळूचे दाणे यायचे, कडबा यायचा नाही. आमच्या पाथरीच्या घरात सोळा वर्षं हे चाललं होतं आणि माझ्या कधी लक्षात आलं नाही. चारचौघांत मी शेतकऱ्याचा मुलगा म्हणवून घेतो.

ज्यांनी बटई पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. रान आपलं, राबणारा दुसरा, खर्च ठरेल तसा आणि पिकाचे दोन वाटे. ज्वारीचा वाटा म्हणजे नुसते दाणे नव्हेत. कणसं खुडल्यावर उरलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधतात, त्याही निम्म्या मोजून घ्यायच्या असतात. दुष्काळाच्या साली तर दाण्यापेक्षा कडब्यावरून जास्त भांडणं होतात. दाणे आले आणि कडबा आला नाही, असं बटईत होत नाही.

सेलू रस्त्याला आमचं दोन एकर काळं रान होतं. बाकीचं चार एकर ओढ्यापलीकडं, हलकं, मुरमाड. तिथं आधी कापूस आणि पुढं सोयाबीन. घरची ज्वारी पिकायची ती रस्त्याकडच्या रानातच. २००३ च्या उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं आणि त्या वर्षापासून अण्णांनी ते रान बटईनं दिलं. ‘आता होत नाही,’ एवढंच म्हणाले. पुढच्या फाल्गुनात ते ऑटोतून चार पोती घेऊन आले, ओसरीवर उतरवली आणि आईला म्हणाले, ‘बटईचा वाटा आलाय.’ दर वर्षी फाल्गुन-चैत्रात हे असंच व्हायचं. कधी चार पोती, कधी तीन. एका साली पाऊस बरा झाला तेव्हा पाच आणली. अण्णांनी पावसाचाही हिशेब ठेवला होता, हे आज आठवलं की घशात काहीतरी अडकतं.

अण्णा ६ जानेवारी २०२० ला गेले. तीन दिवसांनी पाथरी अचानक महाराष्ट्रभर गाजायला लागली. औरंगाबादच्या आढावा बैठकीत मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पाथरी हे साईबाबांचं जन्मस्थान आहे आणि त्याच्या विकासासाठी शंभर कोटी देऊ, असं जाहीर केलं. शिर्डीकर खवळले. आमच्या घरात सुतक आणि दाराबाहेर गल्लीभर त्याचीच चर्चा. भेटायला येणारा माणूस आधी हात जोडायचा, दोन मिनिटं गप्प बसायचा आणि मग हळूच विचारायचा, ‘ऐकलं का, शंभर कोटी?’

बाबांचं गाव कोणतं, हा प्रश्न आम्हा पाथरीकरांच्या अंगवळणी पडलेला आहे. वैष्णव गल्लीत भुसारींचा वाडा होता, तिथं आता साईजन्मस्थान मंदिर आहे. ते १९९९ साली भाविकांसाठी उघडलं. त्याच्या पुष्कळ आधी, सत्तरच्या दशकात, विश्वास खेर नावाचे गृहस्थ मुंबईहून इथं आले, गल्लीगल्लीत हिंडले, जुन्या घराण्यांची चौकशी केली आणि माग भुसारी कुटुंबापर्यंत नेला. त्याआधीचा धागा म्हणजे बाबांचे भक्त म्हाळसापती यांचा. आपण पाथरीच्या ब्राह्मणाचे, लहानपणी एका फकिराच्या हवाली केले गेलो, असं बाबा म्हाळसापतींना म्हणाल्याची नोंद नरसिंहस्वामींच्या लिखाणात आहे. दुसऱ्या बाजूला दाभोलकरांचं साईचरित्र. त्यात बाबांचं जन्मस्थान आणि आईबाप कुणाला ठाऊक नाहीत, असंच सांगितलेलं आहे. शिर्डीचा भर त्या चरित्रावर. बाबा स्वतः मात्र कुणाच्याच हाती लागले नाहीत. एका चोरीच्या खटल्यात साक्ष नोंदवायला शिर्डीला आलेल्या अधिकाऱ्यानं त्यांना रीतसर प्रश्न विचारले, त्याची गोष्ट सांगतात. बापाचं नाव विचारलं तर स्वतःचंच नाव सांगितलं, जात विचारली तर परवरदिगार आणि वय विचारलं तर लाखो वर्षं. १९१८ च्या दसऱ्याला बाबांनी देह ठेवला. त्यानंतर एकशे एक वर्षांनी दोन गावं त्यांच्या जन्मावरून समोरासमोर उभी राहिली.

तेरावा १८ जानेवारीला होता. शिर्डी दुसऱ्या दिवशीपासून बंद ठेवणार, ही बातमी तोवर सगळीकडे पोचली होती. जेवणं उरकल्यावर ओसरीवर पानाचं ताट फिरत होतं. गुंजेहून आलेले एक थोराड पाहुणे चुना लावता लावता म्हणाले, ‘आता सेलू रस्त्याचा भाव बघा. तुमचं ते दोन एकर म्हणजे सोनं होणार सोनं. इकू नका बरं का इतक्यात.’

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खोटं कशाला बोलू, बाप जाऊन तेरा दिवस झाले होते आणि माझ्या डोक्यात दोन एकराचा भाव फिरून गेला.

रात्री पाहुणे पांगल्यावर आईनं मला चुलीपाशी बोलावलं. गॅस येऊन वीस वर्षं झाली तरी आमच्याकडे त्या कोपऱ्याला चूलच म्हणतात. ती परातीतले तांदूळ उगाच या बाजूचे त्या बाजूला करत होती.

‘ते रान आपलं राह्यलं नाही.’

‘कोणतं?’

‘रस्त्याकडचं.’

‘कधीपासून?’

‘ताईच्या लग्नापासून.’

‘अण्णांनी सांगितलं होतं तुला?’

‘नाही.’

‘मग तुला कसं माहीत?’

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती लहानपणी पाढा चुकल्यावर पाहायची. ‘कडबा कधी आलाच नाही ना, बाबा.’

मग एकेक करून तिनं सगळं काढलं. पहिल्या वर्षी पोती आली तेव्हाच तिला कळलं होतं. रानातून येणारं पोतं दाभणानं शिवलेलं असतं, सुतळीचे टाके वेडेवाकडे, दोन्ही कोपऱ्यांना धरायला कान काढलेले. या पोत्यांच्या तोंडाला मशीनची सरळ शिवण होती. एका पोत्यावर आडत दुकानाचा निळा शिक्का अर्धा पुसलेला होता. अण्णांनी तो घासून काढायचा प्रयत्न केला असणार. ‘तिथं पोत्याचे धागे इसकटले होते,’ आई म्हणाली. आणि दाणा. आमच्या रानात मालदांडीचा टपोरा, मोत्यासारखा दाणा यायचा. त्याच्या पिठाची भाकरी परातीएवढी थापली तरी कडा फुटायची नाही. मोंढ्यातून आणलेल्या ज्वारीत तीन तऱ्हेचे दाणे मिसळलेले. भाकरी थापताना कडेला चिरा जायच्या. आई पाण्याचा हात लावून त्या बुजवायची आणि अण्णांच्या ताटात वाढायची. अण्णा म्हणायचे, ‘घरच्या ज्वारीची गोडीच निराळी.’ आणि आई म्हणायची, ‘हो.’

सोळा वर्षं हे दोघं एकमेकांसमोर बसून जेवले.

‘तू बोलली का नाहीस?’ मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

‘काय बोलायचं? माझ्यापायी त्यांनी एवढं सोंग उभं केलं. ते मोडलं असतं तर त्यांचं तोंड बघवलं असतं का मला?’

लहानपणी आम्ही खेळायचो, अळीमिळी गुपचिळी. जो आधी बोलेल तो हरला. आमच्या घरात तो डाव २००३ साली मांडला गेला आणि खेळणाऱ्यांपैकी एक जण मेल्यावरच मोडला.

आईनं कणगीच्या मागून एक खिशात मावेल एवढी डायरी काढली, खताच्या कंपनीची, २००३ सालची. तीही तिला आधीपासून ठाऊक होती. दर साली कणगी सारवताना ती डायरी उचलायची आणि जशी होती तशी परत ठेवायची. तिला अक्षरओळख बेताची, पण आकडे कळतात. पहिल्या पानावर अण्णांच्या तिरक्या अक्षरात होतं, ‘सत्तर हजार. शेकडा तीन.’ महिन्याला शेकडा तीन. पुढं तारखा आणि रकमा. कधी पाच हजार, कधी आठशे. कापूस विकल्याच्या महिन्यात मोठा आकडा, श्रावणात काहीच नाही. शेवटची नोंद २०१६ ची. मी पुण्याला परत निघण्याआधी बेरीज केली. एक लाख अडुसष्ट हजार चारशे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या अण्णांना ती त्याहून महाग पडली.

व्यवहार आमच्याकडे नेहमी होतो तसाच. तारण म्हणून गहाणखत नाही, थेट खरेदीखत. ‘नावापुरतं करू, पैसे फिटले की फिरवून देतो.’ ज्यानं हे केलं त्याच्याकडे सावकारीचा परवाना नव्हता. पहिली दोन वर्षं त्यानं फेरफार केला नाही, मग गुपचूप केला, आणि सातबाऱ्यावर त्याचं नाव लागलं. सातबारा काढायचं काम अण्णा कुणाला करू देत नसत. पीककर्ज, विमा, तलाठी, सगळीकडे स्वतः जायचे. आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याला कागदांची हौस आहे.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगताना लाज वाटते. २०१४ साली मी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करत होतो. महाराष्ट्राचा नवा सावकारी कायदा आला, त्याची बातमी माझ्याच हातून गेली. बेकायदा सावकारानं कर्जापोटी खरेदीखत करून जमीन लाटली असेल, तर कर्जदाराला जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. चौकशीत खरं निघालं तर खरेदीखत अवैध ठरवून जमीन मूळ मालकाला परत देता येते. शेतकऱ्यांच्या दृष्टीनं मोठी गोष्ट होती. त्या रात्री घरी फोन केला तेव्हा, काय चाललंय विचारल्यावर, मी अण्णांना हौसेनं सगळं समजावून सांगितलं.

त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘किती वर्षांमागचं चालतं?’

‘पंधरा.’

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाले, ‘जेवलास का?’

त्या वेळी खरेदीखताला अकरा वर्षं झाली होती. चार वर्षं हातात होती. मुलगा फोनवर होता, कायदा कळणारा, ओळखीपाळखी असलेला. त्यांनी फक्त ‘आपलंही एक असंच आहे रे’ एवढं म्हणायचं होतं. आणि मी? बातम्यांत मुरलेला माणूस. प्रश्नावरून बातमी ओळखणं हा माझा धंदा. मुदतीचा प्रश्न कोण विचारतो, ज्याचं काही अडकलेलं असतं तोच. मला ते सुचलं नाही. मी ‘हो, जेवलो’ म्हणालो.

टाळेबंदी उठल्यावर परभणीला एका वकिलांकडे गेलो. त्यांनी डायरी शेवटपर्यंत चाळली, एकदा मागून पुढं चाळली. म्हणाले, ‘नोंदी झकास आहेत. सावकारी शाबीत करायला एवढा पुरावा लोकांकडे नसतो. दोन वर्षं आधी यायचं होतं.’ २००३ अधिक पंधरा म्हणजे २०१८. ही बेरीज मला वाटेतच करून झाली होती. तरी माणूस वकिलाकडे जातो.

आमच्या भागात ‘गुप्त’ या शब्दाला तसाही बरा वास नाही. पाथरीजवळच्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात एकामागून एक खून पडले. मरणारांत बहुतेक बाया आणि लहान मुली होत्या. कारण काय, तर पुरलेलं गुप्तधन हाती लागावं म्हणून बळी द्यायचे. माझी आजी त्या काळात अंधार पडल्यावर पोरींना परसात जाऊ देत नसे. जमिनीखाली काहीतरी दडलेलं आहे, या नुसत्या समजुतीनं एवढं केलं. मग खरोखर दडवलेलं असेल तर ते काय करत नसेल?

पण याला उलटा दाखलाही पाथरीतच आहे, आणि तो मला फार आवडतो. अहमदनगरची निजामशाही १४९० मध्ये उभी करणाऱ्या अहमद निजामशहाचा बाप मलिक हसन. इतिहासकार फरिश्त्याच्या म्हणण्यानुसार तो जन्मानं ब्राह्मण, नाव तिमाप्पा, भैरव नावाच्या माणसाचा मुलगा. लहानपणी विजयनगरच्या मुलखात बहमनी फौजेच्या हाती लागला आणि मुसलमान झाला. घराणं मूळचं पाथरीच्या कुलकर्ण्यांचं. दुसरा कुणी असता तर गादीवर बसल्यावर आधी हा इतिहास पुसला असता. यांनी पुसला नाही. पाथरीचे भाऊबंद नगरच्या दरबारी गेले, नातं सांगितलं आणि ते मानलंही गेलं. अहमदच्या मुलानं, बुरहान निजामशहानं, वऱ्हाडच्या इमादशहाला निरोप धाडला, आमचं वाडवडिलांचं गाव आम्हाला द्या, बदल्यात जास्त वसुलाचा मुलूख घ्या. इमादशहानं नकार दिला. १५१८ साली बुरहाननं पाथरी लढून घेतली. पुढं ती त्याच्या ब्राह्मण नातलगांकडे राहिली. यात रक्त सांडलं, याचं मी कौतुक करत नाही. पण आपला आजा कोण होता हे सांगायला तो सुलतान लाजला नाही.

मग बाबांचं काय, असं कुणी विचारेल. तेही गप्प राहिले. यावर मी पुष्कळ विचार केलाय, अण्णा आणि बाबा माझ्या डोक्यात एकाच महिन्यात येऊन बसले म्हणून. मला वाटतं, न सांगणं वेगळं आणि झाकणं वेगळं. फकिरानं घर सोडलं तेव्हा घराचा पत्ताही सोडला. त्यात त्यानं कुणाचा वाटा बुडवला नाही, कुणाला खोटी पोती आणून दाखवली नाहीत. भांडण झालं ते नंतरच्यांचं. तेही लवकरच शमलं. १९ जानेवारीला शिर्डी कडकडीत बंद राहिली, मंदिर तेवढं उघडं होतं. दुसऱ्या दिवशी मुंबईत बैठक झाली आणि जन्मस्थान हा शब्द बाजूला पडला. अण्णांनी झाकलं ते मात्र त्यांचं एकट्याचं नव्हतं. त्यात आईचं होतं, माझं होतं, ताईचंही होतं.

आणि गेलं ते रान हे त्यातलं लहान नुकसान, असं मी आता धीर करून म्हणू शकतो. २०११ च्या दिवाळीत मी अण्णांशी भांडलो होतो. रस्त्याकडचं काळंभोर रान दुसऱ्याला कसायला देता आणि मुरमाडात स्वतः घाम गाळता, हे कुठलं शहाणपण? जायकवाडीच्या कालव्याचं पाणी येतं, विहिरीला अनुदान मिळतं, ठिबक करू, मी पैसे घालतो. ते नाही म्हणत राहिले. मी म्हणालो, ‘तुम्हाला आता कष्ट नको झालेत, बस.’ भर ओसरीवर, शेजाऱ्यांच्या देखत. अण्णा उठले, टोपी घातली आणि बाहेर गेले. बाहेर म्हणजे सेलू रस्त्यालाच गेले असतील, असं मला आता उगीचच वाटतं. आई दारात उभी होती. तिला खरं माहीत होतं. एक शब्द बोलली असती तर माझ्या तोंडून ते वाक्य गेलं नसतं. नाही बोलली. गुपित ठेवणाऱ्याला त्याचं ओझं तरी कळत असतं, पाप मात्र चढतं ते ज्याला काही ठाऊक नसतं त्याच्या डोक्यावर. ते वाक्य मला परत घेता येत नाही. बाकी खरेदीखत वगैरे ठीक आहे.

आईवरचा राग जायला मला वर्ष लागलं. पुढल्या पाडव्याला तिच्यासमोर जेवायला बसलो. भाकरीच्या कडेला चीर होती. मी म्हणालो, ‘ही मोंढ्यातली ना?’ ती म्हणाली, ‘हो. आता बुजवीत नाही मी.’

ताईला मात्र आम्ही सांगितलं नव्हतं. सहा वर्षं नाही. तिच्या लग्नासाठी रान गेलं हे तिला कळलं तर तिचा जीव कष्टी होईल, असं आई म्हणायची आणि मलाही ते पटायचं. पटायचं म्हणजे बघा. एवढं सगळं पाहून, भोगून, मी तेच करत होतो. माहेरी आली की ताई ओसरीवर बसून विचारायची, ‘रान कुणी केलंय यंदा?’ आणि मी म्हणायचो, ‘तोच.’

हा लेख छापायला द्यायचं ठरवलं तेव्हा मागच्या आठवड्यात तिला फोन केला. तिला छापील कागदावरून कळू नये म्हणून. पोत्यांपासून डायरीपर्यंत सगळं सांगितलं. ती रडली नाही. मधे एकदाही बोलली नाही. मला वाटलं रेंज गेली.

मग तिनं विचारलं, ‘कडबा आलाच नाही म्हणजे, मग कपिलेला काय घालायचे?’

कपिला आमची गाय. ताईनं आपल्या लग्नातलं पहिलं हळदीकुंकू कपिलेला लावलं होतं.

‘पहिली दोन वर्षं उसाचं वाढं आणायचे,’ मी म्हणालो. ‘विकत.’

‘आणि मग?’

कपिला अण्णांनी २००६ च्या उन्हाळ्यात बाजारात नेऊन विकली होती. आम्हाला म्हणाले होते, दुधाला आटली.